तक्त्याची मांडणी जपायला शिकवणाऱ्या ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या दूध संस्थेच्या लेखापरीक्षणासाठी आपण आला होतात, तेव्हा आपल्या कामाचा भाग नसतानाही, एका एक्सेल फाइलमधला तक्ता दुसऱ्या फाइलमध्ये नेताना त्याची मांडणी जशीच्या तशी कशी राखावी हे आपण मला शेजारी बसून समजावून दिलेत. त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. हे पत्र जाहीर लिहिण्याचे कारण इतकेच की, करवीर, पन्हाळा, राधानगरी भागातल्या संस्थांचे अनेक सचिव असेच तक्ते करतात आणि त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

आमच्या दहा दिवसांच्या दूध बिलाच्या पत्रकात सभासद क्रमांक, नाव, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घन घटक), दर, पशुखाद्याची कपात, देय रक्कम असे रकाने असतात आणि दिवाळीच्या फरक पत्रकासाठी (सभासदांना दिवाळीला मिळणाऱ्या दूध दरातल्या फरकाच्या रकमेच्या यादीसाठी) ते नव्या फाइलमध्ये न्यावे लागतात. साध्या कॉपी-पेस्टने चौकटी, रंग, ठळक अक्षरे येतात; रकान्यांची रुंदी मात्र नव्या फाइलमध्ये जी असेल तीच राहते. मग शेजारचा रकाना भरलेला असल्यामुळे सभासदाचे आडनाव कापले जाते आणि रक्कम मावली नाही की तिच्या जागी नुसत्या जाळीसारख्या खुणांची रांग उमटते. वर्षभर थंडी-पावसात डेअरीवर दूध घालणाऱ्या माणसाच्या हातात असा कागद देणे मला योग्य वाटत नाही.

आपण थेट बटणे न सांगता आधी कारण सांगितलेत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. रुंदी ही एकेका सेलची नसते, ती संपूर्ण रकान्याची असते. म्हणून मधलेच काही सेल उचलले तर ती मागेच राहते, आणि वरच्या अक्षरांवर क्लिक करून पूर्ण रकाने उचलले तर ती सोबत येते. उंचीचेही तसेच, फक्त ती ओळीची असल्यामुळे डावीकडच्या आकड्यांवरून पूर्ण ओळी उचलाव्या लागतात.

पूर्ण रकाने उचलणे शक्य नसेल तिथे कॉपी केल्यावर कंट्रोल, आल्ट आणि व्ही ही बटणे एकत्र दाबून पेस्ट स्पेशलची चौकट उघडायची, त्यात ‘कॉलम विड्थ्स’ निवडून ओके करायचे आणि मूळ तक्त्याभोवतीची हलती तुटक रेघ दिसत असतानाच, तिथेच पुन्हा नेहमीसारखे पेस्ट करायचे: आधी रुंदी, मग मजकूर. उजव्या क्लिकच्या यादीतला ‘कीप सोर्स कॉलम विड्थ्स’ हा पर्याय दोन्ही कामे एकदम करतो. आमची लिपिक मुलगी मोबाइलवर गूगल शीट्स वापरते. संगणकावर उघडलेल्या शीट्सच्या पेस्ट स्पेशलमध्येही फक्त रुंदीचा पर्याय आहे, हे आपणच तिला दाखवलेत.

पूर्ण पत्रकच हवे असेल तर कॉपी-पेस्टच्या वाटेला जाऊच नये, हा आपला सल्ला मी आता कटाक्षाने पाळतो. दोन्ही फाइली उघड्या ठेवून खालच्या शीटच्या नावावर उजवे क्लिक करायचे, ‘मूव्ह ऑर कॉपी’मध्ये दुसरी फाइल निवडायची आणि ‘क्रिएट अ कॉपी’पुढे खूण करायची, नाहीतर मूळ फाइलमधले शीटच उचलले जाते. यात रुंदी, उंची, समास, प्रत्येक पानावर छापायचे शीर्षक सगळे येते. सूत्रे मूळ फाइलमधल्या दुसऱ्या शीटवर अवलंबून असतील तर ती मात्र जुन्या फाइलशी बांधलेली राहतात. त्यामुळे दरपत्रकाचे शीटही त्याच वेळी सोबत निवडून न्यावे, हे आपण आठवणीने बजावलेत. आमचे दर त्याच शीटवरून येत असल्यामुळे ही सूचना माझ्यासाठी फार महत्त्वाची ठरली.

यंदाचे फरक पत्रक याच पद्धतीने तयार झाले. छपाईत प्रत्येक सभासदाचे पूर्ण नाव आणि पूर्ण रक्कम स्पष्ट आली आणि संचालक मंडळाने तेच कायमचा नमुना म्हणून स्वीकारले. त्याची एक प्रत आपल्या कार्यालयात पोहोच करत आहे. त्यात आणखी काही सुधारणा सुचवाव्याशा वाटल्यास अवश्य कळवाव्यात.

आपला कृतज्ञ,
सचिव, दूध संस्था,
ता. करवीर, जि. कोल्हापूर