निळ्या टोपीतला फोटो

कोपनहेगन, 10 नोव्हेंबर 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आईस, चिमीचा साष्टांग नमस्कार.

आई, गेल्या रविवारी तू ‘जेवलीस का’ एवढंच विचारलंस आणि फोन बाबांकडे दिलास. बाबांनी थंडीची चौकशी केली आणि ठेवला. मग वहिनीनं सांगितलं की तो फोटो तुम्ही पाहिलात. डोक्यावर निळी टोपी, समोर बाटल्या, आणि दिवस लक्ष्मीपूजनाचा. फोनवर माझा आवाज चढतो आणि बाबा गप्प होतात, म्हणून लिहून पाठवते. वहिनी मोठ्या अक्षरात छापून देईल.

पूजा केली होती गं. इथे साडेचारलाच अंधार पडतो, पाचला पाट मांडला. तू दिलेलं चांदीचं नाणं, लाह्या, बत्ताशांऐवजी साखर. केरसुणी कुठून मिळणार, रोजच्या झाडूलाच हळदकुंकू लावलं. पणत्या खिडकीत आतल्या बाजूनं ठेवल्या. आरती एकटीनं म्हटली. म्हणून झाल्यावर घर इतकं शांत झालं की मी कोट चढवला, तुझ्या चकल्यांचा डबा पिशवीत टाकला आणि कोपऱ्यावरच्या बोडेगात गेले.

बोडेगा म्हणजे बार, हे खरं आहे, लपवत नाही. पण बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर जी जागा येते ना, तशी ही नाही. डॅनिशमध्ये जुना शब्द आहे ‘व्हॅर्ट्सहूस’. व्हॅर्ट म्हणजे यजमान, हूस म्हणजे घर. जवळपास प्रत्येक वस्तीत असं एखादं असतं. आत काळपट लाकडाच्या भिंती, मंद पिवळे दिवे, कोपऱ्यात गाण्यांचं नाणी टाकायचं यंत्र. शहरात कोंगेन्स न्यूटोर्व चौकात तर एक 1723 पासून चालू आहे. आमचं तेवढं जुनं नाही, पण सकाळी अकराला उघडतं, आणि उघडल्या उघडल्या जे येतात ते सगळे बाबांच्या वयाचे. पेपर वाचतात, कॉफी घेतात, कुणी बिअर. एक आजी चार चाकांचा वॉकर दाराशी लावून रोज त्याच खुर्चीत बसतात.

धुराचंही सांगते, कारण आई, तुला माझा दमा आठवला असणार. 2007 च्या कायद्यानं इथे हॉटेलांत सिगारेट बंद झाली, पण 40 चौरस मीटरपेक्षा लहान आणि जेवण न देणाऱ्या बारना सूट मिळाली. तशा एकात मी आल्या आल्या गेले होते, दहा मिनिटांत बाहेर पडले, कोट दोन दिवस गॅलरीत टांगावा लागला. आमच्या इथे सिगारेटवाल्यांसाठी काचेची वेगळी खोली आहे. पंप नेहमी खिशात असतो. गेल्या वर्षभरात तीनदाच लागला, तेही धावत बस पकडताना.

आता निळी टोपी. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी रात्री 8 वाजून 59 मिनिटांनी टुबोर्गची नाताळची बिअर बाजारात येते. लोक त्या मिनिटाची वाट बघत बसतात, निळ्या टोप्या वाटतात, गाणी म्हणतात. यंदा तो शुक्रवार नेमका 1 तारखेला आला. मी एक बाटली घेतली, बाबा. एकच, 33 सेंटीलिटरची. एरवी मी सोडाच पिते, त्याला हे लोक ‘डॅनिश पाणी’ म्हणतात. अण्णाकाकांच्या त्या गणपतीनंतर आपल्या घरात काय काय झालं ते मी विसरलेले नाही. माळ्यावर बसून मी सगळं ऐकत होते, हे तुम्हाला ठाऊक नसेल. तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून ती एक बाटलीही लिहिली. बाकीच्या बाटल्या टेबलावरच्या इतरांच्या होत्या.

फोटोत माझ्या डावीकडे करड्या स्वेटरमधले जे आजोबा आहेत, ते बुर्माइस्टर अँड वाइनच्या गोदीत वेल्डर होते. मोठी जहाजं बांधायची ती गोदी, 1996 मध्ये बंद पडली. त्यांच्या हातांवर तुमच्यासारखेच ठिणग्यांचे पांढरे डाग आहेत. तुम्ही एसटीच्या वर्कशॉपमधून आलात की मी ते डाग मोजत बसायची, आणि तुम्ही दरवेळी वेगळा आकडा सांगायचात. त्या दिवशी मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले आणि खेळात हरले.

खेळाचं नाव ‘मायर’. चामड्याच्या पेल्यात दोन फासे हलवायचे, पेला टेबलावर धाडकन उपडा घालायचा, आपल्यापुरतं उचलून बघायचं आणि आकडा बोलायचा. खरा किंवा खोटा. दोन आणि एक पडले की मायर, सगळ्यात मोठा. पुढच्यानं विश्वास ठेवायचा नाहीतर पेला उचलायचा. आपण मे महिन्यात गच्चीवर चॅलेंज खेळायचो तसंच अगदी. आजोबा खोटं बोलताना पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवतात, ते मला कळलंय. बाबा, तुम्ही पानं लपवताना कान खाजवायचात.

चकल्या स्टीलच्या वाटीत काढून फाशांशेजारी ठेवल्या. काउंटरवरच्या बाईंनी आधी वास घेतला, मग मोडली, मग दुसरी घेतली. तीळ आणि ओवा कसा समजावून सांगायचा ते मला जमेना. आजोबांनी शेवटची उचलताना आधी माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. आई, तुझी एकही चकली उरली नाही.

मी हे सगळं का सांगतेय, तर गेल्या जानेवारीत मला ताप आला होता. तेव्हा तुम्हाला नुसती सर्दी सांगितली, माफ करा. दोन शनिवार मी दिसले नाही, तर त्या बाईंनी फोन केला आणि संध्याकाळी हेच आजोबा दोन जिने चढून सूप आणि पाव घेऊन दारात उभे. रोज बसणारं कुणी आलं नाही तर इथे विचारपूस होते. म्हणून म्हणते, मी एकटी नाही.

आणि आता जे लिहायला तीन दिवस लागले ते. मी आणखी दोन वर्षांच्या करारावर सही केली आहे. मे महिन्यात कायमची येणार म्हणाले होते, तसं होणार नाही. आधी विचारायला हवं होतं, मला माहीत आहे. विचारलं असतं तर तुम्ही ‘तुझं बघ’ म्हणाला असता आणि मला सही करता आली नसती. पैशासाठी नाही, म्हणजे थोडं त्यासाठीही. पुराच्या वर्षी काढलेलं कर्ज यात फिटतंय. पण काम आत्ता कुठे माझ्या हातात येतंय, आणि अर्धवट टाकून येणं बाबांनीच मला शिकवलेलं नाही. फेब्रुवारीत तीन आठवडे येतेय, तिकीट काढलंय. तेव्हा रोज तुझ्या हातचं कुळथाचं पिठलं, दुसरं काही करू नकोस.

माझं खाणं नीट आहे. खोली उबदार असते, बाहेर बर्फ असला तरी आत मी सुती कपड्यांत बसते. लोकरीचे मोजे दोन जोड आहेत, आणखी पाठवू नकोस.

आता बाबा, ऐका. मोरेकाका गेल्यापासून तुम्ही पारावर जायचं बंद केलंत, हे मला वहिनीकडून कळतं, तुमच्याकडून नाही. इथे त्या आजोबांना रोज अकराला दार ढकलून आत येताना बघते आणि मला आपली ओटी आठवते, तिथे तुम्ही एकटे पेपर घेऊन बसलेले. तुम्ही एक दिवस दिसला नाहीत तर कोण विचारणार? उद्यापासून संध्याकाळी पाचला पारावर जायचं. छत्री, टॉर्च, आणि मोबाईल चालू ठेवून. मन लागलं नाही तर पंधरा मिनिटं बसून या, पण जा. बीपीची गोळी सकाळी चहाआधी घ्यायची, आठवेल तेव्हा नाही.

आई, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन ‘तू आलीस की’ म्हणून पुढे ढकलू नकोस. डिसेंबरची तारीख घे, वहिनी सोबत येईल, मी तिच्याशी बोलले आहे. न्हाणीघरात दांडी बसवून घ्या, पैसे पाठवलेत. आणि रागावली असशील तर रागाव, पण फोन लगेच बाबांकडे देऊ नकोस. रविवारी तुमच्या साडेसातला, म्हणजे माझ्या तीनला करते.

चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांग. बाईंनी विचारलंय.

तुमची,
चिमी