25 ग्रॅम शिसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

काही दिवस आपल्या वाचकपत्रांत काटा मारण्याबद्दल लिहून येत आहे. (इंदुरात बाहेर सगळे 'डंडी मारना' म्हणतात, आमच्या घरात अजून काटाच मारतात.) बहुतेकांनी वजनमापे तपासणाऱ्या खात्याला धारेवर धरले आहे. मी तराजू आणि काटे दुरुस्त करणारा कारागीर, वय 63, ख्रिस्ती. या विषयावर मला गप्प बसता येत नाही, कारण 1994 साली एक काटा मीच मारून दिला होता.

मालवा मिल या कापडगिरणीच्या वस्तीत एक किराणा दुकान होते. मालकाने एक किलोचे लोखंडी वजन माझ्याकडे आणले. अशा वजनाच्या बुडाला भोक असते. त्यात शिसे भरून वजन नेमके करतात आणि त्याच शिशावर सरकारी मोहोर उठवतात. मी त्यातले 25 ग्रॅम शिसे काढले. सुपारीपेक्षाही लहान गोळी. मजुरी 200 रुपये मिळाली. मुलीची फी थकली होती, पण ते कारण मी पुढे करणार नाही, फी थकलेले बाप त्या वस्तीतही होते.

ते वजन दिवसाला 40 वेळा पारड्यात पडले असे धरा. रोज एक किलो धान्य गेले. वर्षाचे 300 दिवस, म्हणजे तीन क्विंटल. दोन वर्षे ते वापरात होते. मिलची कामे बंद पडत होती ते दिवस, आणि पिशवी घेऊन समोर उभ्या राहायच्या त्या कामगारांच्या बायका.

नियमाने लोखंडी वजनांची फेरपडताळणी दर 2 वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्यांची दरवर्षी होते. ती व्हावीच. पण दोन मोहोरांच्या मधे काय चालते ते दुकानदार, कारागीर आणि देव एवढ्यांनाच ठाऊक असते.

माझे आजोबा नगरहून इथे मिलमध्ये आले. आमची मंडळी, म्हणजे चर्चचे लोक, हिंदीत उपासना करते, घरी मात्र मराठी पवित्र शास्त्रच (बायबल) उघडते. खोट्या तागडीचा परमेश्वराला वीट आहे, हे नीतिसूत्रांतले वचन मला लहानपणापासून पाठ आहे. पाठ असूनही मी ते शिसे काढले. पुढे रडून क्षमा मागितली, मंडळीसमोर साक्षही दिली की प्रभूने मला क्षमा केली. वजनाचा विषय मात्र त्या साक्षीत नव्हता.

खूप वर्षांनी बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायापाशी अडलो. जक्कय जकातदार, येशूला पाहायला उंबरावर चढलेला. लुबाडलेले चौपट परत करतो, असे तो आपणहून बोलतो. मी एका वडीलधाऱ्या बांधवाला विचारले, तेव्हा ते म्हणाले, "प्रभूच्या रक्ताने पाप धुतले गेले ना? मग आता कशाला उकरतोस?" ते प्रेमाने बोलले, पण मला पटले नाही. येशू त्याच्या घरी उतरायचे आधी सांगतो आणि चौपटीची भाषा त्यानंतर येते. जक्कय क्षमा विकत घेत नव्हता. त्याच्या घरात प्रभू येऊन बसला होता, आणि त्याच घरात लोकांचा माल होता. तो तिथे तसाच कसा ठेवायचा?

मी त्या दुकानात गेलो. मालक वारले आहेत, मुलगा इलेक्ट्रॉनिक काटा वापरतो. वजन माळ्यावर गंजत पडले होते. "जाऊ द्या काका, बाबाही गेले," तो म्हणाला, पण वजन दिले. घरी पळीत शिसे वितळवले, भोकात ओतले, निवू दिले, प्रमाण वजनाशी ताडून पाहिले. काटा मधोमध थांबला तेव्हा माझे हात थरथरत होते.

पण ज्यांचे धान्य गेले ती माणसे पांगली. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या 5व्या अध्यायात सांगितले आहे की, मूळ रकमेत पाचवा हिस्सा घालून परत करावे, आणि घेणारे कोणी उरले नसेल तर ते परमेश्वराचे. चौपट मला झेपत नाही. 600 किलो आणि वर पाचवा हिस्सा, असे 720 किलो धरले. महिन्याला 30 किलो गहू त्याच वस्तीतल्या एकट्या राहणाऱ्या बायांकडे पोचवतो.

उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, ही आज्ञा मी विसरलेलो नाही. ती दानाची आहे, आणि हे दान नव्हे. दुकानदाराच्या मुलाला त्रास नको म्हणून माझे नाव-गाव आपल्यापाशीच ठेवावे, ही विनंती.

19 महिने झाले. 150 किलो अजून द्यायचे आहेत.

आपला,
एक तराजू कारागीर, इंदूर