मोतमावलीच्या जत्रेतल्या मेणबत्तीवाल्या दादांचे आभार

८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी वांद्र्याची मोतमावलीची (माउंट मेरी चर्चची) जत्रा सुरू होते आणि डोंगरावर मुंगीलाही शिरायला जागा उरत नाही. आम्ही वसईहून आईला घेऊन गेलो होतो. पायऱ्यांवरच तिची साखर उतरली. घामाने डबडबली, बोलणं अडखळलं आणि मटकन खाली बसली. मागून रेटारेटी चालूच.

शेजारी नवसाला वाहायचे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकणारे एक दादा बसले होते. पोलिओने दोन्ही पाय अधू, बोलताना तोतरेपणा. ओरडायला गेले तर शब्दच फुटेना. मग त्यांनी कुबडी कठड्यावर दणादणा आपटली. गर्दी थबकली! स्वतःच्या चहाच्या ग्लासात पुडीतली साखर ओतली, बोटानेच ढवळली (बोट स्वच्छ होतं का, हे अशा वेळी कोण बघतं?) आणि आईला घोटघोट पाजली. ऐन धंद्याच्या वेळी माल तसाच सोडून तिच्यावर छत्री धरून बसले. पैसे देऊ केले तर हात जोडले. नाव विचारलं तर नुसते हसले.

‘मी जड जिभेचा’ म्हणून बायबलमधल्या मोशेने माघार घेतली, तरी देवाने मिसरच्या राजाकडे, फारोकडे त्यालाच धाडलं. प्रवचनात हे कितीदा ऐकलं होतं. खरं सांगायचं तर पटलं त्या पायऱ्यांवर.

दादा, तुमचे आणि ओढणीने वारा घालणाऱ्या त्या कॉलेजच्या मुलींचे मनापासून आभार. आई आता ठणठणीत आहे. पुढच्या जत्रेला मेणबत्त्या तुमच्याकडूनच घ्यायच्या, असं तिने आतापासूनच बजावून ठेवलंय.