‘स्वतःच्या जबाबदारीवर’ घरी न्यायला लावू नका

संपादक महोदय,

इच्छामरणाचा विषय निघाला की आपल्याकडे इंजेक्शन देऊन मारायचं का नाही यावरच तावातावाने भांडणं होतात, आणि जे कायद्याने आधीच मिळालंय त्याबद्दल कोणी बोलत नाही. केईएमच्या नर्स अरुणा शानबाग यांच्या केसमध्ये २०११ ला सुप्रीम कोर्टाने उपयोग नसलेले उपचार थांबवायला वाट करून दिली, २०१८ ला सन्मानाने मरण हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला, २०२३ ला लिव्हिंग विलसाठी (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं इच्छापत्र) मॅजिस्ट्रेटची अटही गेली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते.

पण हॉस्पिटलमध्ये काय चालतं? माझ्या मावशीला मोठा स्ट्रोक झाला, व्हेंटिलेटरवर होती, डॉक्टर बाजूला घेऊन म्हणाले आता सुधारणा होणार नाही. मग व्हेंटिलेटर काढा म्हटलं तर म्हणे आम्हाला तसं करता येत नाही, तुम्ही घरी न्या. असा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरांच्या मेडिकल बोर्डाचं विचारलं तर कोणाला काही माहीतच नव्हतं. शेवटी मावसभावाने ‘स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहे’ या फॉर्मवर सही केली, ॲम्ब्युलन्समध्ये घरापर्यंत वॉर्डबॉय आणि तो आळीपाळीने अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत होते आणि घरी कॉटवर ठेवल्यावर वॉर्डबॉयने नळी काढली. डॉक्टर नाही, त्रास कमी करणारं मॉर्फिन नाही, नुसती घरघर, ती आम्ही सगळे ऐकत उभे. मावसभाऊ अजून म्हणतो, आईला मीच मारलं.

हे ओझं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर यायलाच नको होतं हो. लिव्हिंग विल नसलं तरी घरच्यांच्या संमतीने हॉस्पिटलचा तीन डॉक्टरांचा बोर्ड बघतो, मग दुसरा बोर्ड बघतो, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. प्रॉपर्टीसाठी मुलं गैरफायदा घेतील ही भीती खोटी नाही, दोन बोर्ड त्यासाठीच तर आहेत. उलट आत्ता जे फॉर्मवर सही घेऊन चालतं त्यात कोण बघतं, पेशंट खरंच बरा होणार नव्हता की बिल परवडत नव्हतं?

मुंबईत डॉ. निखिल दातार यांनी हायकोर्टात याचिका केली तेव्हा कुठे महापालिकेने लिव्हिंग विल सांभाळणारे कस्टोडियन नेमले. गोव्यात २०२४ मध्ये हायकोर्टाचे न्यायमूर्ती सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल केलं. आमच्याकडे वॉर्ड ऑफिसात विचारलं तर या खिडकीवरून त्या खिडकीवर, कस्टोडियन कोण ते कोणी सांगेना.

आरोग्य खात्याला एवढीच विनंती आहे की आयसीयू असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलने बोर्ड आधीच ठरवून ठेवावा, व्हेंटिलेटर काढताना त्रास होऊ नये म्हणून औषधं देणारा डॉक्टर हजर असावा, आणि कस्टोडियनचं नाव व फोन नंबर प्रत्येक पालिकेने ऑफिसबाहेरच्या फलकावर लावावा.

— एक वाचक, कल्याण