राणीच्या बागेतल्या छत्रीवाल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

माघातल्या त्या रविवारी राणीच्या बागेत तुम्ही ज्यांच्या हातात छत्री कोंबून "जरा धरा हो, मला दुर्बीण काढायचीय" म्हणालात, त्या गृहस्थांची मी बायको. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, आम्हीही विचारलं नाही, म्हणून हे जाहीर पत्र. बागेत रोज येणाऱ्या कुणाच्या तरी नजरेस पडेल आणि तुमच्यापर्यंत पोचेल.

दिवाळीच्या आधी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले रोज चाला, पण हे सोफ्यावरून रिमोटपुरतेच हलायचे. उभा जन्म टूलरूममध्ये फिटर म्हणून गेलेला, हात कधी रिकामा नाही. आता घरात जो तो "बाबा, तुम्ही बसा", "बाबा, वाकू नका". बल्ब बदलायचा तर सूनबाई आधीच स्टूल ओढून घेते. सगळे मायेनेच करतात, पण माणूस बोलेनासा झाला होता. त्या दिवशीही मेगाब्लॉकचं निमित्त पुढे केलंच. म्हटलं, ब्लॉक लागायच्या आत भायखळ्याला उतरतो आपण, घाला चपला.

पेंग्विनची रांग बघून ह्यांचं पुन्हा सुरू झालं. "त्यांना एसी आणि आपण उन्हात? चल घरी." तेवढ्यात मागून तुमचा आवाज आला, "पेंग्विन काय, बारा महिने आहेत. उर्वशी आत्ताच फुललीय, ती बघा."

ताई, लहानपणापासून किती वेळा त्या बागेत गेले असेन. हत्ती, माकडं, पाणघोडा, सगळं पाहिलं. झाडाकडे मान वर करून कधी पाहिलंच नव्हतं. त्या उर्वशीच्या लांब देठांवरून खाली लोंबणारी लालभडक फुलं, वरच्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका, आणि कोवळी पानं तर अशी मलूल, तांबूस, की मला वाटलं झाडाला पाणी मिळालं नाही. तुम्ही हसून सांगितलंत की ती जन्मतःच तशी लोंबतात, मग हळूहळू हिरवी होऊन ताठ होतात. मूळचं हे झाड ब्रह्मदेशातलं, हेही तिथेच कळलं.

पण खरी गंमत गोरखचिंचेपाशी. पानं झडलेली, आणि बुंधा म्हणजे दगडी बुरूजच. तुम्ही ह्यांना विचारलंत, "तुमचा अंदाज काय, घेर किती असेल?" मला नाही, ह्यांना. हे क्षणभर गप्प. मग छत्री माझ्याकडे दिली, दोन्ही हात पसरले आणि झाडाला चिकटून वाव मोजायला लागले. एक वाव झाली की तुम्ही तिथे बोट ठेवायचं, हे पुढे सरकायचे. शर्टाला धूळ, गालाला सालीचे कण. आकडा डायरीत लिहिलाय. मला दाखवत नाहीत, म्हणतात टेप घेऊन एकदा खात्री करायचीय.

मग तुम्ही आम्हाला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूच्या दगडी हत्तीपाशी नेलंत. आत 1872 सालची एवढी देखणी इमारत, पण हे बाहेरच अडकले. हा हत्ती घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तोच, हे तुम्ही सांगितलंत. 1864 मध्ये साहेब तो विलायतेला न्यायला निघाला, उचलताना क्रेनची साखळी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते इथे जुळवून पुन्हा उभे केले. एवढं ऐकल्यावर फिटर माणूस थांबतो होय? चष्मा कपाळावर चढवून जोड शोधत हत्तीभोवती फेऱ्या. "साखळीचा हिशेब चुकला बघ त्यांचा," असं मला दोनदा ऐकवलं. जणू त्या दिवशी हे तिथे असते तर हत्ती सुखरूप लंडनला पोचला असता. (न पोचला तेच बरं झालं म्हणा.)

तुम्ही निघून गेलात आणि आम्ही इराण्याकडे शिरलो. ब्रून ह्यांना बिनमस्क्याचा, मला मस्क्याचा. त्यावरून थोडं भांडलोही. कितीतरी दिवसांनी हे माझ्याशी एवढं बोलले.

झाडांची माहिती पुस्तकातही मिळाली असती, ताई. आभार त्याचे नाहीत. तुम्हाला ह्यांच्या आजारपणाची काही कल्पना नव्हती. तुम्ही सरळ काम सांगितलंत, छत्री धरायला लावलीत, अंदाज विचारलात, तो चुकला तेव्हा "छे, काहीतरीच!" असंही म्हणालात. आमच्या घरात ह्यांना कुणी चूक म्हणायचं धाडस करत नव्हतं. आता सोसायटीच्या पंपाचा व्हॉल्व्ह गळतोय म्हणून खाली जाऊन प्लंबरला सूचना देतात. प्लंबर वैतागलाय, मी खूश आहे.

एक अडचण मात्र तुम्हीच करून ठेवलीत. गोरखचिंचेची फुलं पावसाळ्यात, रात्री उमलतात आणि वटवाघळं त्यांच्यावर येतात, असं जाता जाता बोलून गेलात. बाग संध्याकाळीच बंद होते. मग ती बघायची कशी, असं हे मला दिवसाआड विचारतात. ह्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर कळवा, नाहीतर पुन्हा बागेत भेटा. येताना थालीपीठ आणते, तुमच्या वाट्याचं लोण्यासकट.

तुमची,
छत्री सांभाळणाऱ्यांची सौ.