दर दुरुस्तीनंतर परत येणारे अ‍ॅडवेअर: आपल्याच सॉफ्टवेअर पॅकविषयी तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: एएमसी (वार्षिक देखभाल करार) चालू असतानाही घरच्या संगणकात वारंवार परतणारे अ‍ॅडवेअर (जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर) व स्पायवेअर (माहिती चोरून वाचणारे सॉफ्टवेअर), आणि त्याचे मूळ असलेला आपला सॉफ्टवेअर पॅक

महोदय,

स.न.वि.वि.

आमच्या घरचा डेस्कटॉप आपल्या कोल्हापूर शाखेतून घेतला आहे आणि त्याची एएमसीही आपल्याकडेच आहे. सासऱ्यांच्या पेन्शनची कामे, बँकेचे व्यवहार, मुलीचा अकरावीचा अभ्यास, माझ्या शिकवणीचे हिशेब असे सगळे या एकाच संगणकावर चालते.

तक्रार आपल्या दप्तरी आहेच, म्हणून थोडक्यात सांगते. ब्राउझर उघडला की गूगलच्या जागी भलतेच सर्चचे पान येते. वर्तमानपत्राची बातमी वाचताना मधलेच शब्द निळे होतात आणि त्यांवर क्लिक केले की जाहिरात उघडते. उजव्या कोपऱ्यात ‘तुमचा संगणक धोक्यात आहे’ अशा सूचना दिवसभर येत राहतात. आपले इंजिनिअर येतात, एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम) काढतात, स्कॅन मारतात, जॉब कार्डवर ‘व्हायरस काढला, चालू स्थितीत’ असे लिहून माझी सही घेतात. काही दिवसांत पुन्हा तेच. शेवटी फॉरमॅट मारला, तरीही तेच.

प्रत्येक वेळी मला एकच कारण ऐकवले गेले: “मॅडम, घरात कोणीतरी काहीतरी डाउनलोड केलं असणार. मुलं गेम टाकतात.” हे इंजिनिअरने माझ्या मुलीसमोर म्हटले. त्यानंतर घरातही तिलाच बोलणी बसली. ती संगणकाला हात लावायला घाबरू लागली. हे पत्र एवढे सविस्तर लिहिण्यामागे हेही एक कारण आहे.

मागच्या फॉरमॅटच्या वेळी माझा भाचा घरी होता. तो पुण्यात एका कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. इंजिनिअर बाहेर पडल्याबरोबर, घरातल्या कोणीही माउसला हात लावण्याआधी, त्याने संगणक तपासला. मी शेजारी बसून सगळे लिहून घेतले.

पहिली गोष्ट, विंडोज सिक्युरिटीतील ‘एक्स्क्लूजन्स’ची यादी. जे स्कॅनमधून वगळायचे ते या यादीत टाकतात. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये ती रिकामी असते. आमच्या संगणकात तिथे सी ड्राइव्हवरचे एक फोल्डर होते आणि ते आपल्याच कंपनीच्या सॉफ्टवेअर पॅकचे होते. नको असलेली सॉफ्टवेअर अडवणारी विंडोजची सोयही बंद करून ठेवलेली होती. म्हणजे आपला पॅक सुरक्षेच्या नजरेआड राहील, अशी व्यवस्था आधीच झाली होती. मग इंजिनिअरने कितीही वेळा स्कॅन मारला तरी त्या फोल्डरमध्ये काय सापडणार?

पीडीएफ वाचायचे, व्हिडिओ पाहायचे, झिप फाइल उघडायचे असे सगळे प्रोग्रॅम एका फटक्यात टाकता यावेत म्हणून इंजिनिअर हा पॅक पेन ड्राइव्हवर घेऊन येतात. त्याच्याबरोबर एक ‘सर्च असिस्टंट’ आणि एक ‘ड्रायव्हर अपडेटर’ (संगणकाचे भाग चालवणारे ड्रायव्हर, म्हणजे छोटे प्रोग्रॅम, अद्ययावत करतो असे सांगणारा) न विचारता येतो. ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये एक काम लावलेले सापडले. दर लॉगिनला ते त्याच फोल्डरमधली फाइल चालवते आणि काढलेले एक्स्टेन्शन परत बसवते. क्रोमच्या मेनूत ‘तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित’ अशा अर्थाची ओळ दिसत होती. घरच्या संगणकाला संस्था कुठली? कचेऱ्यांसाठी असलेली पॉलिसीची सोय वापरून ते एक्स्टेन्शन सक्तीने बसवले होते, त्यामुळे ते काढायचे बटणच चालत नव्हते. शिवाय त्याला सर्व वेबसाइटवरील माहिती वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी होती. याच ब्राउझरमध्ये आम्ही बँकेचा पासवर्ड टाकत आलो आहोत. त्या दिवशी आम्ही मोबाइलवरून सगळे पासवर्ड बदलले. आधीच्या काळात काय वाचले गेले आणि कुठे पाठवले गेले, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे.

वरवरची सफाई का पुरत नाही, हे आपल्या धंद्यात नवे नाही. लेनोव्होच्या काही लॅपटॉपमध्ये कंपनीतूनच सुपरफिश नावाचे अ‍ॅडवेअर येत होते, हे फेब्रुवारी २०१५ मध्ये उघड झाले. ते पाहिलेल्या पानांत जाहिराती घुसवत असे, आणि त्यासाठी त्याने विंडोजमध्ये स्वतःचे रूट सर्टिफिकेट (कोणत्या साइट खऱ्या मानायच्या हे ठरवणारे प्रमाणपत्र) बसवले होते. प्रोग्रॅम अनइन्स्टॉल केला तरी ते सर्टिफिकेट मागे राहत असे आणि बँकेचे सुरक्षित कनेक्शनही धोक्यात राही. लेनोव्होला ते काढण्याचे वेगळे साधन द्यावे लागले आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करावी लागली. एवढ्या गाजलेल्या प्रकरणानंतर दुरुस्ती करणाऱ्या कंपनीने, आपण स्वतः काय बसवतो हे आधी तपासायला हवे होते. छप्पर गळत असताना फरशी पुसत राहावी, तशी आपली सेवा चालली आहे.

आता त्या ‘ड्रायव्हर अपडेटर’विषयी. नुकत्याच फॉरमॅट केलेल्या संगणकात तो लाल अक्षरांत ढीगभर दोष दाखवतो आणि ते दुरुस्त करण्यासाठी पैसे मागतो. सासऱ्यांनी घाबरून कार्ड हातात घेतले होते. मी वेळेवर पोहोचले म्हणून पैसे वाचले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्यांविषयी, मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत सांगितलेल्या १३ प्रकारांपैकी एक आहे संगणकात व्हायरस असल्याची खोटी भीती घालून पैसे उकळण्याचा. हा अपडेटर त्याच जातीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमची मागणी अशी. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने टाकावे आणि आपला पॅक आमच्या संगणकाला लावू नये. ड्रायव्हर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरूनच घ्यावेत. क्रोमचे सिंक (खात्यातल्या सेटिंग व एक्स्टेन्शन संगणकावर आपोआप आणणारी सोय) चालू करण्याआधी मुलीच्या खात्यातील एक्स्टेन्शन तपासावीत, कारण सिंक झालेले एक्स्टेन्शन फॉरमॅटनंतरही परत येते. ब्राउझरमध्ये ज्या साइटना नोटिफिकेशनची परवानगी गेली आहे ती काढावी आणि राउटरमधील डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) कोणी बदललेला नाही ना, तेही पाहावे. रोजच्या वापरासाठी घरातल्या प्रत्येकाला साधे खाते द्यावे. आपल्या इंजिनिअरने आम्हा सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन खाते (संगणकात काहीही बसवण्याचा अधिकार असलेले) करून दिले होते. साध्या खात्यावरून असे काही संगणकभर बसू पाहत असेल, तर विंडोज आधी अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागते. हे काम पाच मिनिटांचे आहे आणि पहिल्याच भेटीत व्हायला हवे होते.

जॉब कार्डवर यापुढे ‘व्हायरस काढला’ एवढेच लिहिलेले मी स्वीकारणार नाही. काय सापडले, कुठून आले आणि परत येऊ नये म्हणून काय केले, ते लिहिल्यावरच सही मिळेल.

हा पॅक आपण इतर ग्राहकांच्या घरीही टाकत असणार. त्या सर्वांना कळवून तो काढून द्यावा. त्यांच्यातही कोणाची पेन्शन, कोणाचा अभ्यास अडकलेला असेल. एएमसीची चालू वर्षाची रक्कम मला परत हवी आहे. आणि माझ्या मुलीमुळे हे झाले असे जे वारंवार सांगितले गेले, ते कंपनीच्या लेटरहेडवर लेखी मागे घ्यावे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. त्यानेही भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सर्व स्क्रीनशॉट तारीखवार जपून ठेवले आहेत. त्यांच्या आणि जॉब कार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
कोल्हापूर