पाळणाघर चालवणारीच्या बाळंतपणाचे काय?

माननीय संपादक,
स. न.

प्रसूती रजेची चर्चा आपल्याकडे नोकरदार स्त्रीपासून सुरू होते आणि बहुधा तिच्यापाशीच संपते. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, तसेच पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, हे चांगलेच झाले. परंतु ही रजा संपवून सकाळच्या लोकलने कामावर निघालेली आई आपले बाळ ज्या बाईच्या हाती सोपवते, त्या बाईला स्वतःच्या बाळंतपणात एका दिवसाचीही पगारी रजा नसते. मी डोंबिवलीत राहत्या घरी पाळणाघर चालवते आणि सध्या मला सहावा महिना सुरू आहे, त्यामुळे हा हिशेब रोजच मांडावा लागतो.

काम केव्हा थांबवायचे हे केवळ बाळंतपणाच्या तारखेवरून ठरवता येत नाही. दीड वर्षाच्या मुलाला पाळण्यातून काढताना, मोरीवर नेताना, आई दिसेनाशी झाली म्हणून दारातच लोळण घेतल्यावर उचलावेच लागते, आणि डॉक्टर तर वजन उचलू नका म्हणून बजावतात. संसर्गाची भीती वेगळीच. कांजिण्या किंवा रुबेला लहान मुलांना फारशा जड जात नाहीत, मात्र गर्भवतीला आणि तिच्या पोटातल्या बाळाला त्यांचा धोका असतो. अंगावर पुरळ असेल तर मुलाला पाठवू नका, असे मी सर्व पालकांना सांगून ठेवले आहे. तरीही ज्यांची रजा शिल्लक नसते ते ‘ताई, घामोळंच आहे हो’ म्हणत मूल आत सोडून जातात. त्यांचीही अडचण मला कळते, पण म्हणून माझी काळजी कमी होत नाही.

रजेची कल्पना पालकांना लवकर द्यावी हे योग्यच. मात्र ती दिली की ते दुसरी सोय पाहू लागतात, आणि मूल एकदा नव्या ठिकाणी रुळले की सहसा परत येत नाही. म्हणजे आमची रजा ही बिनपगारी तर असतेच, शिवाय ती संपल्यावर व्यवसाय पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागतो. मदतनीस ठेवून पाळणाघर चालू ठेवावे म्हटले, तर तिचा पगार देऊन हाती फारसे उरत नाही. जागा राखून ठेवण्यासाठी रजेच्या काळात थोडी फी घ्यावी, असे काही जणी सुचवतात. प्रवेशाच्या वेळीच लेखी ठरले असेल तर त्यात गैर काही नाही. आयत्या वेळी ती मागणे मला पटत नाही.

सरकारी मदतीचे म्हणाल, तर प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र महिलेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. खारीक, डिंक, सोनोग्राफी यांतच ती रक्कम संपते. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई त्यातून होत नाही. प्रसूतीचा खर्च देणाऱ्या वैयक्तिक विमा पॉलिसींमध्येही बऱ्याचदा दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा असते, आणि त्यांतून मिळाला तर रुग्णालयाचा खर्च मिळतो, महिन्याची फी नव्हे.

हे अशक्य आहे असेही नाही. ब्रिटनमध्ये घरी मुले सांभाळणाऱ्या स्वयंरोजगारी बाईला, अटी पूर्ण केल्यास, ३९ आठवड्यांपर्यंत मातृत्व भत्ता मिळू शकतो. आपल्याकडे २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्याने स्वयंरोजगार करणाऱ्यांना कामगार मानले आणि मातृत्व लाभाच्या योजनांचा उल्लेखही केला. त्याच वर्षी महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. मात्र तो दुसऱ्याच्या घरी जाऊन काम करणारीसाठी आहे. तेच मूल मी माझ्या घरी आणून सांभाळले की मी त्याच्या चौकटीबाहेर जाते.

राज्याच्या महिला व बालविकास विभागाने घरगुती पाळणाघरांची साधी, कमी कागदपत्रांची नोंदणी सुरू करावी आणि तिला अंशदायी मातृत्व निधी जोडावा. दरमहा शंभर-दोनशे रुपये भरायला माझ्या ओळखीतल्या पाळणाघरवाल्या तयार आहेत. तेवढीच भर शासनाने घालावी आणि किमान तीन महिने काही निश्चित रक्कम थेट खात्यात जमा व्हावी. नोंदणी झाल्यास परिसरातील दुसऱ्या पाळणाघरांची यादीही पालकांना मिळेल, म्हणजे एकीच्या बाळंतपणात तिच्याकडची मुले तेवढ्यापुरती दुसरीकडे ठेवता येतील आणि तीन महिन्यांनी ती परत येतील, असे आधीच ठरवता येईल.

आपली,
एक पाळणाघर चालिका, डोंबिवली (पूर्व)